कानाचं चालतं मॉडेल: इंदूरमधल्या एका घराच्या कामाच्या नोंदी

आमच्या लोकमान्य नगरातल्या गणेशोत्सवात मुलांसाठी एक टेबल विज्ञानाचं असतं. यंदा त्यावर कान ठेवायचा, असं मी ठरवलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण हातोडी-करवतीची सवय नाही. बाबा ३१ वर्षं कापड गिरणीत फिटर होते, साचेखात्यात (म्हणजे मागांच्या खात्यात; गिरणीत मागाला साचा म्हणतात). काम दोघांनी मिळून केलं. असंच मॉडेल करणाऱ्याला आमच्या चुका पुन्हा कराव्या लागू नयेत, म्हणून नोंदी जशा लिहिल्या तशाच ठेवल्या आहेत.

१२ जुलै २०२५, शनिवार

सुरुवात कुठून झाली ते आधी लिहिते. परवा मावशीकडे जायचं होतं. बाबांना सांगितलं, ‘सातला निघू.’ सात वाजता आम्ही दारात, आणि बाबा बनियनवर पेपर वाचत बसलेले. त्यांना ‘आठ’ ऐकू आलं होतं. आई मोठ्याने बोलली, मग आणखी मोठ्याने. बाबा म्हणाले, ‘अगं ओरडू नकोस. आवाज येतोय मला. शब्द येत नाही.’

हे वाक्य मी गेली आठ-दहा वर्षं ऐकते आहे, आणि घरात कुणीही त्याचा शब्दशः अर्थ घेतलेला नाही. मीसुद्धा नाही.

शाळेतलं प्लास्टरचं मॉडेल कपाटात आहे. गुलाबी रंगाचा कान, आत निळा शंख, प्रत्येक भागावर नंबराची चिठ्ठी. मुलं नावं पाठ करतात आणि विसरतात. मला असं मॉडेल हवंय, ज्यात ‘आवाज येतो, शब्द येत नाही’ हे हाताला कळेल.

आराखडा: बाहेर नरसाळं, मग पडदा, मग तीन हाडांच्या जागी एक तरफ, आणि शेवटी पाण्याची पेटी, म्हणजे आतला शंख सरळ करून. सहा आठवडे आहेत. गणपती २७ ऑगस्टला.

१३ जुलै, रविवार

सियागंजचा बाजार बंद. आधी चौकशी करायला हवी होती. चक्कर फुकट गेली.

१५ जुलै, मंगळवार

शाळा सुटल्यावर सियागंजात. ११० मिमी आणि २५ मिमी पीव्हीसी पाइपचे तुकडे, दोन्ही मिळून १२० रुपये. दुकानदार पूर्ण पाइपशिवाय द्यायला तयार नव्हता, पण मुलांच्या मॉडेलसाठी हवेत म्हटल्यावर कोपऱ्यातले तुकडे काढून दिले.

मापं उगीच घेतलेली नाहीत. माणसाच्या कानाच्या पडद्याचा कामाचा भाग साधारण ५५ चौरस मिमी, आणि रिकिबीचं (तीन हाडांतल्या शेवटच्या हाडाचं) तळवं, जे आतल्या पाण्यावर दाब देतं, ते ३.२ चौरस मिमी. म्हणजे मोठ्या जागेवर पडलेला जोर सतरापट लहान जागेवर एकवटतो. आमच्या दोन पाइपांच्या क्षेत्रफळांचं प्रमाण १९ च्या आसपास येतं. बाजारात मिळणाऱ्या मापांत इतकं जवळ येणं म्हणजे नशीबच.

१९ जुलै, शनिवार

पडदा. आधी मोठा फुगा कापून ११० च्या पाइपवर ताणला. फुगा मध्ये पातळ आणि कडेला जाड असतो, त्यामुळे ताण सगळीकडे सारखा येत नाही. टिचकी मारली की एका बाजूला ‘टप्’, दुसऱ्या बाजूला ‘थप्’. तीन फुगे वाया गेले. शेवटी औषधाच्या दुकानातून लेटेक्सचे शस्त्रक्रियेचे हातमोजे आणले (६० रुपये) आणि तळव्याचा भाग कापून लावला. तो सारखा बसला. बाबांनी पाइपाभोवती सायकलच्या ट्यूबची कापलेली चकती चढवली. रबर बँडपेक्षा ती पक्की धरते, हे लिहून ठेवा.

दुसऱ्या टोकाला २५ च्या पाइपवर छोटा पडदा, त्यामागे पाणी. छोट्या पडद्यावर आरशाचा नखाएवढा तुकडा चिकटवला. त्यावर लेझर पॉइंटर सोडला की समोरच्या भिंतीवर ठिपका पडतो. पडदा केसभर हलला तरी ठिपका बोटभर हलतो. हे यंत्र नसतं तर आम्ही अंधारात चाचपडत राहिलो असतो.

२० जुलै, रविवार

तरफेने दिवस खाल्ला.

खऱ्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब मिळून १.३ पटीची तरफ होते. मी विचार केला, आपण ३ पट करू, जास्त दिसेल. खिळ्यावर फिरणारी लाकडी पट्टी केली. ठिपका हललाच नाही. जोर तिप्पट झाला की हालचाल तिसरा हिस्सा उरते, आणि तेवढीशी हालचाल खिळ्याच्या घासण्यात जिरून जाते.

बाबांनी पट्टी बघितली आणि खिळा उपटला. ‘एवढ्या बारीक कामाला बेअरिंग चालत नाही. टांगून ठेव.’ सायकलचा स्पोक वाकवला, दोन्ही बाजूंनी शिवणाच्या जाड दोऱ्याने ताणून अधांतरी बांधला, एक टोक मोठ्या पडद्याला, दुसरं छोट्या पडद्याला. घासायला काही उरलंच नाही. कानातली हाडंसुद्धा अशीच बारीक बंधांवर टांगलेली असतात. पुस्तकात हे मी कितीदा वाचलंय, पण का टांगलेली हे आज कळलं.

चाचणी दोनदा घेतली. आधी तरफ सोडवून थेट छोट्या पडद्यासमोर जोरात ‘आ’ केलं. ठिपका ढिम्म. मग नरसाळ्यातून, मोठा पडदा आणि तरफ जोडून तोच ‘आ’. ठिपका भिंतीवर दोन सेंटिमीटरची रेघ ओढू लागला. हवेतला आवाज थेट पाण्यावर आदळला तर त्याच्या ऊर्जेचा हजारातला एखादा भाग आत शिरतो, बाकी सगळा परत फिरतो. तलावात डुबकी मारल्यावर काठावरच्या माणसाची हाक ऐकू येत नाही, ती यामुळेच. पडदा आणि हाडं मिळून दाब साधारण २२ पट वाढवतात आणि त्यातलं बरंचसं भरून काढतात.

२३ जुलै, बुधवार

सकाळी मोठा पडदा आत खेचला गेला होता, वाटीसारखा. तरफ वाकडी, ठिपका छतावर.

काल दुपारी उकाडा होता, रात्री पाऊस पडून गारठा आला. दोन पडद्यांमधली खोकी मी चारी बाजूंनी सील केली होती. आतली हवा थंड होऊन आकसली. खोकीला २ मिमीचं भोक पाडून नळी लावली आणि तिच्यावर चिमटा. चिमटा दाबला की ‘फुस्’, पडदा जागेवर. मानपूरचा घाट उतरताना कानांना दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ती हीच नळी: युस्टेशियन नळी, मधल्या कानातून घशामागे जाणारी. एरवी मिटलेली असते, गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते.

ही नळी मी आराखड्यात ‘कमी महत्त्वाची’ म्हणून गाळली होती.

२ ऑगस्ट, शनिवार

पाण्याची पेटी. आता खरं काम.

आतला शंख अडीच-पावणेतीन वेढ्यांचा असतो. उलगडला तर साधारण ३५ मिमी लांब. आम्ही दहापट घेतला: ३५ सेंमी लांबीची अ‍ॅक्रिलिकची पेटी, मध्ये आडवी पट्टी, पट्टीत लांब चीर, चिरेवर रबर, शंखातल्या पडद्याच्या जागी. वर एक कप्पा, खाली एक, दोन्हींत पाणी. पाट्या बनवणाऱ्याकडून सगळे तुकडे कापून घेतले, ८५० रुपये.

आणि मी चीर उलटी काढून दिली.

शंख तोंडाशी रुंद आणि टोकाला निमुळता असतो, म्हणून आतला पडदाही तसाच असणार, असं डोक्यात बसलं होतं. खरं उलटं आहे. नळी निमुळती होत जाते, पण तिच्यातला पडदा रुंद आणि सैल होत जातो: तोंडाशी ०.१ मिमीच्या आसपास, टोकाला ०.५ च्या आसपास. तोंडाशी अरुंद आणि ताठ, म्हणून तिथे उंच पट्टीचे आवाज. टोकाला रुंद आणि सैल, म्हणून तिथे खर्ज. मी दोन दशकं हे शिकवते आहे. नवी पट्टी ३८० रुपये, आणि एक आठवडा, कारण त्याचं मशीन बिघडलं.

नव्या पट्टीत चीर एका टोकाला १० मिमी, दुसऱ्या टोकाला ४० मिमी. प्रमाणाने १ ते ५ मिमी हवी होती, पण एवढ्या बारीक चिरेवर रबराची हालचाल ना दिसते ना बोटाला कळते. इथे आम्ही मापाशी तडजोड केली.

१० ऑगस्ट, रविवार

सिलिकॉन लावून २४ तास वाळवलं, पाणी भरलं, आणि चारही सांध्यांतून ठिबक. टेबलावरच्या तपासायच्या वह्या भिजल्या.

अ‍ॅक्रिलिकवर पारदर्शक पातळ कागद असतो. मी तो मधून सोलला होता, कडांना राहिला होता. सिलिकॉन कागदाला चिकटलं, अ‍ॅक्रिलिकला नाही. सगळं ब्लेडने खरवडून पुन्हा केलं. सिलिकॉनची २२० रुपयांची एक नळी आणि दोन दिवस गेले. सोलताना कडेपासून सोला, आणि नखाने चारी बाजू तपासा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पेटी गळत नाही. मोबाईलवर सूर निर्माण करणारं अ‍ॅप घेतलं, मोबाईल नरसाळ्याशी धरला, ६० हर्ट्झ. काही नाही. आवाज वाढवला. काही नाही. तासभर पेटीत दोष शोधत बसले.

दोष मोबाईलमध्ये होता. त्याच्या चिमुकल्या स्पीकरमधून इतका खालचा सूर निघतच नाही. जी कुरकुर ऐकू येत होती ती स्पीकरच्या ओढाताणीची होती. उद्या जेल रोडवरून मोठा स्पीकर आणायचा.

१३ ऑगस्ट, बुधवार

जेल रोडवरून चार इंची वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड, ६५० रुपये. घरी येऊन जोडलं.

तरीही पेटीतला पडदा हलत नाही. वूफर धडधडतोय, मोठा पडदा धडधडतोय, तरफ आपटतेय, आणि पेटीच्या तोंडाशी सगळं थांबतंय. जणू पाण्याऐवजी आत सिमेंट भरलं आहे.

मी रडकुंडीला आले होते. बाबा चहा घेऊन आले, छोट्या पडद्यावर अंगठा ठेवला, दाबून पाहिला. मग पेटीभोवती बोट फिरवून सगळ्या बाजू चाचपल्या.

‘पाणी जाणार कुठे?’ ते म्हणाले. ‘चारी बाजूंनी बंद. पाणी दबत नसतं. ही पेटी झाली नाही, हायड्रॉलिक जॅक झाला. दुसरीकडे वाट दे.’

आणि तीच तर गोल खिडकी. रिकीब ज्या खिडकीवर बसते ती लंबगोल खिडकी. तिच्याखाली पातळ पडद्याने झाकलेली दुसरी, गोल. रिकीब आत जाते तेव्हा गोल खिडकीचा पडदा बाहेर फुगतो. ती नसती तर रिकीब हलली नसती. आम्ही खालच्या कप्प्याच्या त्याच टोकाला २५ मिमीचं भोक पाडून त्यावर हातमोज्याचा तुकडा लावला.

रात्री साडेदहाला पेटीच्या मधल्या रबराने पहिल्यांदा थरथर दाखवली. बाबांनी बोट लावलं आणि म्हणाले, ‘चाललं.’ साचा दुरुस्त झाल्यावर ते याच सुरात म्हणत असणार.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

आज पडदा मेल्यासारखा. पाण्यात बुडबुडे होते, वरच्या झाकणाखाली जमलेले. पाणी दबत नाही, पण हवेचा बुडबुडा दबतो आणि सगळी हालचाल स्वतःच गिळतो. उपाय: पाणी उकळून, झाकून पूर्ण थंड करायचं, म्हणजे त्यातली विरघळलेली हवा निघून जाते. पेटी तिरकी धरून नळीने तळापासून हळूहळू भरायचं. पाऊण तास लागतो. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून.

१६ ऑगस्ट, शनिवार

पडदा हलतो, पण कुठलाही सूर दिला तरी सगळाच्या सगळा हलतो. ५० हर्ट्झ, १०० हर्ट्झ, १५० हर्ट्झ, एकच थरथर. उंच सुराची जागा इथे, खर्जाची तिथे, हेच दाखवायचं होतं आणि तेच दिसत नाही.

शिवाय पाण्याखाली नीट बघताही येत नाही. वरचा कप्पा काढूनच टाकला. खाली पाणी, वर उघडं रबर. यात खऱ्या कानाशी साम्य कमी झालं, गोल खिडकीचं कामही उरलं नाही, कारण आता रबर स्वतःच वर फुगू शकतं. ते मी टेबलावरच्या पाटीवर लिहिणार आहे, आणि बंद पेटीचा वरचा भाग शेजारी ठेवणार आहे. पण उघड्या रबरावर आता काहीतरी पसरता येईल.

रवा पसरला. ओल लागून त्याचा लगदा झाला. रांगोळी जड, शिवाय तिने रबर ओरखडलं. खसखस बसली: हलकी, गोल, काळ्या रबरावर स्वच्छ दिसणारी. पण खसखसही सगळीकडे एकदम उडते. प्रश्न तोच.

१७ ऑगस्ट, रविवार

ही नोंद नीट वाचा, कारण बाकी सगळ्या चुका एका बाजूला आणि ही एका बाजूला.

मी रबर (व्यायामाचा रबरी पट्टा, ३०० रुपये) चारी बाजूंनी सारखं ताणून लावलं होतं, ढोलकीसारखं. बाबांनी त्यावर बोट टेकवून दूरच्या टोकाला टिचकी मारली. बोटाला लगेच कळलं. मग त्यांनी एक वाक्य उच्चारलं आणि माझा आठवडा वाचला.

‘ताणा सोड, बाणा ताण.’

कापडात उभा धागा ताणा, आडवा बाणा. लांबीच्या दिशेने रबर ताणलेलं असलं की एका जागेची थरथर लगेच शेजाऱ्याला आणि तिथून पुढे जाते. सगळा पडदा एकमेकांना बांधलेला. फक्त रुंदीच्या दिशेने ताणलं, तर प्रत्येक जागा बरीचशी आपापली. खऱ्या पडद्यातही बारीक तंतू मुख्यतः आडवेच असतात. बाबांनी ते कधी वाचलेलं नाही. त्यांनी आयुष्यभर ताण बघितला आहे.

रबर सोडलं. लांबीला जेमतेम सपाट राहील इतकं, रुंदीला चांगलं ताणून, दर दोन सेंटिमीटरला पट्टीखाली स्क्रू. संध्याकाळी खसखस पसरली.

१७० हर्ट्झ: पेटीच्या तोंडापासून ५-६ सेंमीवर खसखस उडायला लागली. बाकीची शांत. १०० हर्ट्झ: उडणारा पट्टा मधोमध सरकला. ४० हर्ट्झ: शेवटच्या टोकाला. मी सूर हळूहळू खाली आणत गेले आणि तो पट्टा पेटीवरून चालत गेला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तिथेच उभी राहिली. तिने मला तीनदा पुन्हा करायला लावलं.

आमचा पट्टा हाताएवढा रुंद आहे, खऱ्या कानातला फारच नेमका असतो. तिथे २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ३५ मिमीत मावतात, आमच्याकडे ३५ सेंमीत जेमतेम दोन सप्तकं. खरा कान स्वतःहून जोर लावतो: बाहेरच्या रांगांमधल्या केसपेशी (पडद्यावरच्या बारीक केसांच्या पेशी) प्रत्येक कंपनाबरोबर लांब-आखूड होतात आणि ते कंपन त्याच जागी वाढवतात. आमच्या रबरात जीव नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

ग्यॉर्ग फॉन बेकेशी हा हंगेरीतला माणूस, टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करणारा. मृत माणसांच्या कानातला हा पडदा त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यावरून लाट धावते हे दाखवलं, आणि १९६१ साली त्याला नोबेल मिळालं. त्याने पाण्याच्या नळीचं असंच मोठं मॉडेल केलं होतं आणि त्यावर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकवून थरथर कुठे जाणवते ते पाहिलं होतं. कातडी म्हणजे त्या मॉडेलच्या केसपेशी.

आम्हीही खसखस झाडून हात टेकवला. डोळे मिटून सूर ओळखायचा: मनगटापाशी, मध्ये की कोपरापाशी. माझ्या मुलाने दहापैकी नऊ बरोबर सांगितले, आईने आठ, बाबांनी दहा.

बाबा हात उचलून म्हणाले, ‘आता माझा कान कर.’

२३ ऑगस्ट, शनिवार

बाबांचा कान.

तीन वर्षांपूर्वीचा त्यांचा ऑडिओग्राम (कुठला सूर किती मोठा केल्यावर ऐकू येतो, त्याचा आलेख) कपाटातून काढला. २५० आणि ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, म्हणजे जवळपास ठीक. ४००० ला रेघ ७० वर उतरलेली. गोंगाटात काम केलेल्यांच्या कानात हा खड्डा ४००० च्या आसपास पडतो, पेटीच्या हिशेबात तोंडाच्या बाजूला. याचं एक कारण कानाची बाहेरची नळीच: अडीच सेंटिमीटरची ही नळी ३००० हर्ट्झच्या आसपासचे सूर आपोआप वाढवते, आणि त्याचा मार थोडा वरच्या जागेवर बसतो.

मी आधी तोंडाच्या बाजूच्या रबरावर पोलादी पट्टी ठेवली, म्हणजे तिथे हलणारच नाही. मग लक्षात आलं, हे चूक आहे. बाबांच्या कानातला पडदा हलतोच. नाहीशा झाल्यात त्या केसपेशी, म्हणजे हललेलं ज्यांना कळतं त्या. आतल्या रांगेत साधारण साडेतीन हजार, बाहेरच्या रांगांत बारा हजार, जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात नाही.

म्हणून पट्टी काढली आणि हात टेकवण्याच्या जागी तोंडाकडच्या १० सेंमीवर जाड स्पंज ठेवला, रबराला न चिकटणारा. आता १७० हर्ट्झला खालून बघितलं तर रबर थरथरतंय, हाताला काहीच नाही. आईने अ‍ॅम्प्लिफायर वाढवला. आणखी वाढवला. मनगटापाशी तरीही काही नाही, आणि वूफरची घरघर कोपरापाशी मात्र जोरात जाणवायला लागली.

आईने हात काढला. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे मी ओरडते तेव्हा...’

‘घरघर वाढते,’ बाबा म्हणाले. ‘शब्द तिथेच राहतो.’

शब्दाचं असं आहे की आ, ओ, उ या स्वरांचा भार खालच्या पट्टीत असतो आणि स, श, फ, ट, थ यांची फुसफूस बरीच वर, दोन-तीन हजार हर्ट्झच्या पुढे. ‘सात’मधला स गेला की ‘आत’ उरतं. ‘आत’चं ‘आठ’ व्हायला कितीसा वेळ. रात्री बाबांना पाठमोरं बसवून साप, ताप, थाप, काप असे शब्द म्हटले. वीसपैकी सहा बरोबर. तेच समोर बसून, ओठ दिसतील असे म्हटले तेव्हा तेरा. साचेखात्यात कुणाला काही ऐकू यायचंच नाही, सगळे ओठ आणि हातांवरून बोलत. ते शिक्षण अजून टिकून आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

हिशेब. एकूण ३,२१० रुपये. यातले ६०० चुकांचे (उलटी चीर, सिलिकॉन). बाकी पाइप, हातमोजे, आरसा-लेझर, अ‍ॅक्रिलिक, वूफर, रबर, किरकोळ, आणि ९० ची खसखस. अंदाजे ७० तास. नीट माहिती असती तर ३० तासांत झालं असतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

मांडवात टेबल लावलं आणि पहिल्याच संध्याकाळी फजिती. वूफर बंद असताना खसखस नाचायला लागली. शेजारच्या लाउडस्पीकरचा ढोल नरसाळ्यातून आणि टेबलाच्या पायांतून थेट पेटीत येत होता. मुलं खूश, पण सूर ओळखण्याचा खेळ अशक्य. टेबल वाचनालयाच्या खोलीत हलवलं, पायांखाली फोमचे तुकडे. तुमचंही टेबल मांडवात असेल तर खोली आधीच मागून घ्या.

बाबा रोज सात ते नऊ बसतात. मी बोलते, ते मुलांचे हात धरून योग्य जागी ठेवतात.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. रात्री झांक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) बघायला गेलो, दरवर्षीप्रमाणे. गिरण्या बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी त्यांच्या नावाच्या झांक्या निघतात आणि बाबांना त्या चुकवायच्या नसतात. आवाज मोजणारं मोबाईलचं अ‍ॅप नेमकं नसतं, पण डीजेच्या गाडीजवळ त्यावर शंभराच्या आसपास आकडा राहिला. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभराला पंधरा मिनिटं. आम्ही सगळ्यांनी फोमचे बोळे घातले होते, मुलानेसुद्धा, कुरकुर न करता.

घरी येऊन बाबांना विचारलं, साच्यांचा आवाज एवढाच असायचा का? ते म्हणाले, एवढाच, पण थांबत नसे. धोटा एका बाजूने मारला की दुसऱ्या बाजूने मारणारच, आणि असे शेकडो साचे. कानात काय घालायचे? जमिनीवरचा कापूस उचलून कोंबायचे. कापसाने त्या आवाजाला जवळपास काहीच अडत नाही. पंधरा मिनिटांच्या आवाजात आठ तासांची पाळी, ३१ वर्षं. तिथे कुणी त्यांना दुसरं काही दिलं नाही, कुणी सांगितलंही नाही. हे लिहिताना माझा हात अजून थरथरतो.

१० सप्टेंबर, बुधवार

बाबांना कानाच्या तपासणीला नेलं. ४००० ची रेघ आणखी पाच डेसिबल खाली. जुनं श्रवणयंत्र तीन वर्षं खोक्यात पडून होतं, कारण ‘सगळंच मोठं होतं’. तपासणाऱ्या बाईंनी ते नव्या ऑडिओग्रामप्रमाणे बसवून दिलं, वरच्या पट्टीला जास्त, खालच्याला जवळपास काही नाही. रोज एक तास, घरातच, असं सांगितलंय. चमचे आणि प्लास्टिकच्या पिशव्या टोचतात, अशी तक्रार आहे. हे अपेक्षित आहे म्हणे, मेंदू ते आवाज विसरलाय.

१४ सप्टेंबर, रविवार

पेटी रिकामी केली. लेटेक्सला शेकडो हातांचं तेल लागून ते चिकट आणि ढिलं झालंय. पुढच्या वेळी हाताखाली पातळ प्लास्टिक घालायचं, किंवा रोज संध्याकाळी रबर साबणाने पुसून टाल्कम लावायचं.

उरलेल्या एक मीटर रबरी नळीवर एक प्रयोग. दोन्ही टोकं दोन कानांत, नळी पाठीमागून, मध्यावर खूण. दुसऱ्याने मध्याच्या डावी-उजवीकडे पेन्सिलीने हलकेच टकटक करायची आणि कुठल्या बाजूला ते विचारायचं. मध्यापासून एक सेंमी सरकलं तर आवाज एका कानात दोन सेंमी उशिरा पोचतो, सेकंदाच्या सतरा हजाराव्या भागाएवढा उशीर. मला एक सेंमीला कळलं, मुलालाही. बाबांना दोन सेंमीला. ही टकटक खालच्या पट्टीतली, आणि तिथे त्यांचा कान शाबूत आहे.

बाबांनी नळी कानातून काढली नाही. ‘अजून जवळ वाजव,’ म्हणाले. दीड सेंमीवर त्यांनी दहापैकी सात वेळा बरोबर हात वर केला. आता त्यांना दुसरी पेटी हवी आहे, दोन्ही कान एका टेबलावर, मध्ये डोक्याएवढं अंतर. अ‍ॅक्रिलिकचं माप त्यांनीच काढलंय. चीर कुठल्या बाजूला रुंद, ते त्यांनी पट्टीवर लाल पेनने बाण काढून लिहिलं आहे.